आंकड्यांची साक्ष

रुग्णालयांत खाटेच्या पायथ्याशीं तापाचा तक्ता अडकविलेला असतो. परिचारिका ठराविक वेळीं येते, रोग्याचा ताप पाहते, तक्त्यावर एक टिंब देते आणि तें टिंब मागल्या टिंबाला रेघेनें जोडून पुढच्या खाटेकडे वळते. डॉक्टर येतात ते आधीं त्या रेघेकडे पाहतात व मग रोग्याकडे. घरच्या माणसांना तक्त्यांतलें फारसें कळत नसलें, तरी रेघ खालीं उतरलेली दिसली कीं त्यांच्या जिवांत जीव येतो. या तक्त्याची एक गंमत अशी कीं, त्याची उभी मोजपट्टी शून्यापासून सुरू होत नाहीं. ती फॅरनहाइटच्या ९५ अंशांच्या आसपास सुरू होते आणि १०६-१०७ अंशांवर संपते. उद्यां एखाद्या काटेकोर गृहस्थानें हट्ट धरला कीं मोजपट्टी म्हटली म्हणजे ती शून्यापासूनच निघाली पाहिजे, तर ९८.६ अंश आणि १०४ अंश यांतला फरक नजरेला जेमतेम जाणवेल. रोगी वाताच्या भरांत बडबडत असेल आणि तक्त्यावरची रेघ मात्र संथ तळ्याच्या पाण्यासारखी पसरलेली असेल.

तेव्हां मोजपट्टी कोठून सुरू झाली एवढ्यावरून चित्राचा खरेंखोटेंपणा ठरत नाहीं. जेथें पांच अंशांवर माणसाचें जगणें-मरणें अवलंबून आहे, तेथें ते पांच अंश मोठे करून दाखविणें हेंच प्रामाणिकपणाचें. परंतु जी युक्ति डॉक्टरच्या हातीं औषधासारखी आहे, तीच दुसऱ्याच्या हातीं काय करील हें पाहण्यासारखें आहे.

एक कल्पित, पण रोजच्या पाहण्यांतलें उदाहरण घ्यावें. एखाद्या वाचनालयाचे गेल्या वर्षीं ५०० सभासद होते. यंदा ५१० झाले. शेंकडा दोन वाढ ही कांहीं वाईट नव्हे, पण तिच्यासाठीं वाजंत्री लावावीत अशीही नव्हे. चिटणीसांनीं वार्षिक अहवालासाठीं दोन उभे स्तंभ काढले आणि जागा वांचविण्याकरितां म्हणा किंवा हौसेनें म्हणा, मोजपट्टी ४९५ पासून सुरू केली. पहिला स्तंभ पांच घरें उंच झाला, दुसरा पंधरा घरें. अहवाल चाळणाऱ्याला वाचनालय एका वर्षांत तिप्पट झाल्यासारखें वाटतें. खालीं बारीक अक्षरांत ५०० आणि ५१० हे दोन्ही आंकडे छापलेले असतात. खोटें कोणीच बोललेलें नसतें. तापाच्या तक्त्यांत जें चालतें तें येथें कां चालूं नये, असें चिटणीस विचारतील. याचें उत्तर असें कीं, रेघ पाहतांना आपण तिचा चढउतार पाहतों, स्तंभ पाहतांना त्याची उंची. उंचीवरून प्रमाण सांगणें हेंच स्तंभाचें काम असतें. पाय तोडलेल्या माणसांची उंची मोजून कोणी तुलना करीत नाहीं. स्तंभांची मात्र बिनदिक्कत केली जाते.

आंकड्यांचीं अशीं चित्रें काढण्याची कल्पना फार जुनी नाहीं. विल्यम प्लेफेअर नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ सालीं इंग्लंडच्या व्यापाराचा एक चित्रसंग्रह छापला. आयात-निर्यातीच्या चढत्या-उतरत्या रेघा आणि आडवे स्तंभ त्यांत प्रथम दिसतात. वर्तुळाच्या फांका करून हिस्से दाखविण्याची रीतही त्यानेंच १८०१ सालीं काढली. त्याचें म्हणणें असें कीं, आंकड्यांच्या लांबलचक याद्या वाचून मनावर कांहीं ठसत नाहीं, तीच गोष्ट चित्रांत पाहिली कीं एका दृष्टिक्षेपांत ठसते. हें शंभर टक्के खरें आहे आणि सगळी अडचणही येथेंच आहे. कोष्टक वाचतांना बुद्धि जागी असते. चित्र पाहतांना डोळा आधीं निकाल देऊन बसतो आणि बुद्धीला मागाहून त्या निकालावर सही करावयास बोलावणें येतें.

हा डोळा कोणत्या कामांत किती चुकतो, याचे प्रयोग विल्यम क्लीव्हलंड व रॉबर्ट मॅगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनीं करून ते १९८४ सालीं प्रसिद्ध केले. एकाच मोजपट्टीवरचीं दोन टिंबें कोठें आहेत हें माणूस बरेंच अचूक सांगतो. रेघेची लांबी सांगतांना थोडा चुकतो. कोन आणि क्षेत्रफळ यांचा अंदाज करतांना अधिक चुकतो. आणि घनफळाशीं गांठ पडली कीं अगदींच चाचपडतो. हें वाचल्यावर वर्तमानपत्रांतलीं पैशांच्या थैल्यांचीं चित्रें आठवावींत. उत्पन्न दुप्पट झालें म्हणून थैली दुप्पट उंच काढली, तर ती रुंदीलाही दुप्पट होते. कागदावर तिनें चौपट जागा व्यापली, आणि आंत नाणीं भरल्याची कल्पना केली तर ती आठपट झाली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलसारख्या दक्ष बाईलाही ही ठेंच लागली होती. क्रिमियाच्या युद्धांत तलवारीपेक्षां रोगराईनेंच अधिक सैनिक मेले, हें सरकारच्या गळीं उतरविण्यासाठीं तिनें वर्तुळाकार आकृति काढल्या. आरंभींच्या एका आकृतींत मृत्यूचें प्रमाण केंद्रापासूनच्या लांबीनें दाखविलें गेल्यामुळें मोठे आंकडे वाजवीपेक्षां फार मोठे दिसूं लागले. तिच्या १८५८ च्या सुप्रसिद्ध आकृतींत हा दोष नाहीं. तेथें प्रमाण क्षेत्रफळानेंच दाखविलें आहे. तिची बाजू सर्वस्वी खरी होती. तरीही तिनें चूक ठेवली नाहीं, हें विशेष.

ज्यांना अशी चाड नाहीं, किंवा ज्यांना घाई आहे, त्यांचा एक मासला २०२० सालचा आहे. कोविडची सांथ चालू असतांना अमेरिकेंतील जॉर्जिया या राज्याच्या आरोग्यविभागानें मे महिन्यांत एक आलेख प्रसिद्ध केला. त्यांत पांच जिल्ह्यांतील रोग्यांचे स्तंभ डावीकडून उजवीकडे मोठ्या दिमाखानें उतरत गेलेले होते. पाहणाऱ्याला वाटावें, सांथ ओसरली. कोणीतरी खालच्या तारखा वाचल्या, तेव्हां असें आढळलें कीं ७ मेच्या पुढें २६ एप्रिल आली आहे आणि तिच्यापुढें ३ मे! दिवस त्यांच्या क्रमानें न लावतां रोग्यांच्या संख्येच्या उतरत्या क्रमानें लावलेले होते. टीका झाली, क्षमायाचना झाली, आलेख बदलण्यांत आला. पंचांगांतल्या तिथि मनाला येतील तशा लावून दिल्या तर घरांतली आजीसुद्धां तें पंचांग परत करील. पण आलेख म्हटला कीं तारखा वाचण्याची तसदी सुशिक्षित माणूस घेत नाहीं.

हे सर्व दोष निदान कागदावर दिसतात. पाहणाऱ्यानें चष्मा लावला आणि मोजपट्टी वाचली तर ते सांपडतात. जो दोष कागदावर नसतोच, तो सांपडावा कसा?

शाळांच्या निकालाची गोष्ट घरोघरच्या अनुभवाची आहे. अमुक शाळेचा दहावीचा निकाल शेंकडा शंभर लागला, असा फलक शाळेच्या फाटकावर झळकतो आणि पालकांची प्रवेशासाठीं रीघ लागते. परीक्षेला बसलेलीं सर्व मुलें उत्तीर्ण झालीं हें खरेंच असतें. परंतु नववींत मुलें किती होतीं, त्यांतलीं किती तेथेंच थोपविलीं गेलीं, किती जणांच्या वडिलांना बोलावून १७ नंबरचा फॉर्म भरून मुलाला बाहेरून बसविण्याचा सल्ला देण्यांत आला, याचा उल्लेख फलकावर नसतो. सर्वच शाळा असें करतात असें नव्हे. पण ज्या करतात त्यांचाही फलक तसाच दिसतो. भागाकारांतला छेद कोणी आणि कसा निवडला हें कळल्यावांचून त्या शंभराला अर्थ नाहीं. ज्या वर्गांत अपूर्णांकाचा छेद मनाला येईल तसा बदलणाऱ्या मुलाला बांकावर उभें राहावें लागतें, त्याच इमारतीच्या फाटकावर हा फलक असतो, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

वगळलेल्या आंकड्यांची किंमत फाटकावरच्या फुशारकीइतकीच असती, तर ती गोष्ट हंसून सोडून देतां आली असती. १९८६ सालीं ती सात माणसांनीं प्राणांनीं दिली.

अमेरिकेचें चॅलेंजर हें अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजीं सकाळीं फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून उडालें. आंत असलेल्या सात जणांत ख्रिस्टा मॅकॉलिफ ही न्यू हॅम्पशायर राज्यांतली एक शाळाशिक्षिका होती. अंतराळांतून ती मुलांना धडे देणार होती. त्यामुळें देशभरच्या पुष्कळ शाळांत मुलें वर्गांत बसून तें उड्डाण दूरचित्रवाणीवर पाहत होतीं. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान त्यांच्या डोळ्यांदेखत फुटलें. आंतला एकही माणूस वांचला नाहीं.

यानाच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे दोन प्रचंड अग्निबाण जोडलेले असत. ते एकसंध नसत. मोठमोठे नळकांड्यासारखे भाग एकमेकांवर बसवून ते उभे केलेले असत आणि सांध्यांतून तप्त वायु बाहेर पडूं नये म्हणून तेथें रबराचीं कडीं घातलेलीं असत. स्वयंपाकघरांतल्या कुकरच्या झांकणांत रबराची रिंग असते, तिचें जें काम तेंच या कड्यांचें. रबर थंडींत ताठरतें, दाबलेलें लवकर सुटत नाहीं आणि फट उघडी राहते. पूर्वींच्या उड्डाणांनंतर समुद्रांतून परत काढलेल्या अग्निबाणांपैकीं कांहींत हीं कडीं झिजलेलीं किंवा त्यांच्या मागें काजळी गेलेली आढळली होती. उड्डाणाच्या आदल्या रात्रीं कडाक्याची थंडी पडणार असा अंदाज आला. अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीचे अभियंते दूर युटा राज्यांत होते. त्यांनीं दूरध्वनीवरून निक्षून सांगितलें कीं, ५३ अंश फॅरनहाइटच्या खालीं उड्डाण करूं नये. कारण तोंवरच्या सर्वांत थंड उड्डाणांत सांध्याचें तापमान ५३ अंश होतें आणि त्या खेपेला कड्यांची अवस्था सर्वांत वाईट झाली होती. त्यांना विचारण्यांत आलें, थंडीचाच हा परिणाम हें कशावरून? ७५ अंशांवर झालेल्या एका उड्डाणांतही कड्यांना इजा झालीच होती कीं! या प्रश्नाला जुळणारें उत्तर त्या रात्रीं कागदावर नव्हतें. कांहीं तास वाद झाला, कंपनीच्या वरिष्ठांनीं आपल्याच अभियंत्यांचें मत बाजूला सारलें आणि उड्डाणाला संमति कळविली. सकाळीं हवेचें तापमान ३६ अंश होतें; पूर्वींच्या कोणत्याही उड्डाणापेक्षां १५ अंशांनीं कमी.

पुढें विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-आयोग बसला. आयोगाला असें आढळलें कीं, थंडीचा आणि कड्यांच्या बिघाडाचा संबंध पाहतांना, ज्या उड्डाणांत कडीं बिघडलीं होतीं तेवढींच विचारांत घेतलीं गेलीं होतीं. अशीं उड्डाणें सात. त्यांचीं टिंबें तापमानाच्या मोजपट्टीवर मांडलीं तर तीं ५३ पासून ७५ अंशांपर्यंत कशींही विखुरलेलीं दिसतात. कांहीं थंडींत, कांहीं उबेंत. त्यांतून कोणताही संबंध लागत नाहीं. आयोगानें त्याच कागदावर ज्या उड्डाणांत कांहींच बिघडलें नव्हतें त्यांचींही टिंबें मांडलीं. तेव्हां चित्र पालटलें. ६६ अंश किंवा त्याहून अधिक तापमानाला २० उड्डाणें झालीं होतीं, आणि त्यांपैकीं फक्त तिहींत बिघाड होता. ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानाला चार उड्डाणें झालीं होतीं, आणि त्या चारही उड्डाणांत बिघाड होता.

या आलेखाला उच्च गणित लागत नाहीं. आठवींतला मुलगा चौकडीच्या कागदावर तो अर्ध्या तासांत काढील. पण 'जेथें कांहींच झालें नाहीं तेथें पाहावयाचें काय?' ही माणसाची स्वाभाविक समजूत आहे. घरांत चोरी झाली तर आपण चोर कोठून शिरला तें पाहतों; ज्या रात्रीं चोरी झाली नाहीं त्या रात्रीं कडी लावलेली होती कीं नव्हती याची चौकशी कोणी करीत नाहीं. चॅलेंजरच्या बाबतींत सतरा निर्वेध उड्डाणें गप्प बसून होतीं, आणि जें विचारलें जात होतें त्याचें उत्तर त्यांच्याच जवळ होतें.

आयोगाचे एक सभासद, पदार्थविज्ञानाचे विख्यात प्राध्यापक रिचर्ड फाइनमन, यांनीं भर सभेंत त्या रबराचा तुकडा चिमट्यांत धरून बर्फाच्या पाण्यांत बुडविला व बाहेर काढून दाखविलें कीं, चिमटा सोडला तरी रबर लगेच पूर्वस्थितीला येत नाहीं. लोकांच्या लक्षांत राहिला तो हा पाण्याचा पेला. त्या पेल्याचा चटका आलेखाला नाहीं हें कबूल करावें लागेल. येथें एका गोष्टीचा न्यायही केला पाहिजे. ज्या अभियंत्यांनीं विरोध केला त्यांचा अंदाज अचूक होता. चुकले ते संमति देणारे. पूर्ण आलेख त्या रात्रीं पुढें असता तर उड्डाण खात्रीनें थांबलें असतें, असें छातीवर हात ठेवून कोण सांगेल? तें आधींच अनेकदां लांबणीवर पडलें होतें, आणि घाईनें कान बंद झालेल्या माणसाला आलेखही ऐकूं येत नाहीं. परंतु विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर हातांशी असतां तें न मांडलें गेल्यानें घाई करणाऱ्यांचें काम सोपें झालें, एवढें निश्चित.

हीच गोष्ट उलट बाजूनें आपल्या देशांत साठ वर्षें आधीं घडली होती. १९२६ सालीं ओरिसांतल्या ब्राह्मणी नदीला भयंकर पूर आला. अभियंत्यांच्या समितीचें मत पडलें कीं, नदीचें पात्र गाळानें फूटभर वर आलें आहे, सबब बांध कांहीं फूट उंच करावेत. मत तज्ज्ञांचें होतें, आणि डोळ्यांसमोर ताजा पूर होता. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याकडे हा प्रश्न तपासणीसाठीं आला, तेव्हां त्यांनीं त्या एका वर्षावर न विसंबतां सुमारें साठ वर्षांच्या नोंदी चाळल्या. पुराच्या वर्षांबरोबर बिनपुराचीं वर्षेंही त्यांत ओघानेंच आलीं. निष्कर्ष असा निघाला कीं, पात्र वर आलेलेंच नाहीं. पाणी अडवावयाचें तर वरच्या अंगाला धरणें बांधून अडवावें. ज्या दोषामुळें बांध उंच करावयाचे तो दोषच नव्हता! याच महालनोबिसांनीं पुढें १९३१ सालीं भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली.

पूर आणि अंतराळयानें या गोष्टी घरापासून दूरच्या वाटतील. घरांत, विशेषतः स्त्रियांच्या आरोग्यासंबंधीं, रोज येणारा शब्द म्हणजे 'दुप्पट'. अमुक खाल्ल्यानें अमुक रोगाचा धोका दुप्पट होतो, ही बातमी आठवड्यांतून एकदां तरी वाचावयास मिळते. दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, हें त्या बातमींत बहुधा नसतें. इंग्लंडमध्यें १९९५ च्या ऑक्टोबरांत औषधांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या समितीनें डॉक्टरांना तांतडीचें पत्र धाडलें कीं, नव्या जातीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनीं रक्तवाहिनींत गांठ होण्याचा धोका दुप्पट होतो. वर्तमानपत्रांनीं 'शंभर टक्के वाढ' असे ठळक मथळे दिले. धोका खरोखरच दुप्पट होता. जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजार स्त्रियांत एकीला, तर नव्या घेणाऱ्या सात हजारांत दोघींना. सात हजारांत एक अधिक, असें पत्रांत आणि मथळ्यांत म्हटलें असतें तर बायकांनीं पुढच्या खेपेला डॉक्टरांना शांतपणें विचारलें असतें. त्याऐवजीं असंख्य स्त्रियांनीं घाबरून गोळ्या एकदम टाकून दिल्या. पुढच्या वर्षांत इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारें तेरा हजार जादा गर्भपात झाले, असा अंदाज आहे. आणि ज्या गांठीच्या भीतीनें हें झालें, ती गांठ होण्याचा संभव गोळीपेक्षां गरोदरपणांतच अधिक असतो. समितीनें असत्य सांगितलें नव्हतें. भाजक सांगावयाचा तेवढा राहून गेला.

इतकें ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग आंकड्यांच्या नादीं लागावेंच कशाला? आंकडे म्हणजे सगळी हातचलाखी. सुशिक्षित घरांत हें मत फार आवडीनें बोललें जातें. त्यांत वाचनाचा त्रास वांचतो आणि शहाणपणाचा मानही मिळतो. या मतावर कोणाचें पीक निघतें, हें मात्र एका पुस्तकाच्या कर्त्याच्या हकीकतींत पाहावें.

डॅरेल हफ हा अमेरिकन मासिकांचा लेखक. आंकड्यांच्या साह्यानें खोटें कसें बोलावें, अशा अर्थाचें नांव असलेलें त्याचें एक चुरचुरीत पुस्तक १९५४ सालीं निघालें. पाय तोडलेले आलेख, फुगलेल्या थैल्या, फसव्या सरासऱ्या, सगळें त्यांत आहे, आणि अजूनही तें पुस्तक वाचनीय आहे. अनेक देशांत विद्यार्थी त्यावरच या विषयाचे पहिले धडे शिकले. हाच हफ १९६५ सालीं अमेरिकन सेनेटच्या समितीपुढें साक्षीला उभा राहिला. सिगरेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना छापावी कीं नाहीं, हा समितीपुढचा प्रश्न होता. हफनें सांगितलें कीं, धूम्रपान आणि रोग यांचा संबंध आंकड्यांनीं सिद्ध होत नाहीं. करकोचे आणि नवजात बालकें यांची संख्या बरोबरीनें वाढली म्हणून करकोचे मुलें आणून देतात असें ठरत नाहीं. उदाहरण त्याच्या पुस्तकाला शोभण्यासारखें मजेदार होतें. त्याच्या पाठीशीं तंबाखूच्या धंद्याचा पैसा होता हें मागाहून त्या कंपन्यांच्या कागदपत्रांतून उजेडांत आलें. धूम्रपानाच्या आंकड्यांवर तसेंच एक पुस्तक लिहावयासही त्यानें त्याच पैशावर घेतलें होतें. तें प्रसिद्ध झालें नाहीं.

ज्या आंकड्यांची तो थट्टा करीत होता त्यांतले पहिले महत्त्वाचे आंकडे रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेले होते. लंडनच्या रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष रोगी त्यांनीं घेतले, आणि शेजारीं इतर दुखण्यांचे, वयाला जुळणारे ६४९ पुरुष घेतले. आजारी माणसांच्या बरोबरीनें हा आजार नसलेलीं माणसेंही त्यांनीं मोजलीं. प्रत्येकाला तंबाखूविषयीं सारखेच प्रश्न विचारले. पहिल्या गटांत तंबाखू न ओढणारे निघाले २, दुसऱ्यांत २७.

आतां या आंकड्यांचें चित्र काढावयास एखाद्या हुशार वकिलाला बसवावें. तो ओढणाऱ्यांचे स्तंभ काढील : एकीकडे ६४७, दुसरीकडे ६२२. मोजपट्टी अगदीं शून्यापासून, सगळें नियमाला धरून. दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे! मग तंबाखूचा काय दोष? प्रतिपक्षाचा वकील न ओढणाऱ्यांचे स्तंभ काढील, २ आणि २७, तेही शून्यापासूनच. आणि पाहणाऱ्याच्या अंगावर कांटा येईल. आंकडे तेच, माणसें तींच. त्या काळीं इंग्लंडांत न ओढणारा पुरुष शोधूनच काढावा लागे, म्हणून पहिलें चित्र सपाट दिसतें. हें ज्याला माहीत नाहीं त्याला शून्यापासूनची मोजपट्टी वांचवूं शकत नाहीं. डॉल आणि हिल यांनीं दोहोंपैकीं एकाही चित्रावर भिस्त ठेवली नाहीं. कोण दिवसाला किती ओढतो तें त्यांनीं पाहिलें; दिवसाकांठीं पंचवीस किंवा त्याहून अधिक सिगरेटी ओढणाऱ्यांचें प्रमाण कर्करोग्यांत दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दुप्पट होतें. तेवढ्यावरही ते थांबले नाहींत. १९५१ पासून त्यांनीं ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्न विचारून त्यांच्या नोंदी ठेवावयास सुरुवात केली. आतां रोगी निवडण्यांत पक्षपात झाला असेल असें म्हणावयास जागा उरली नाहीं, कारण आधीं संवय लिहून घेतली आणि मग वर्षानुवर्षें वाट पाहिली. पन्नास वर्षांच्या नोंदींचा शेवटचा लेख २००४ सालीं निघाला. जन्मभर सिगरेट ओढीत राहिलेले डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षां सरासरीनें सुमारें दहा वर्षें कमी जगले होते.

काम हातीं घेतलें तेव्हां डॉल यांचा संशय तंबाखूवर नव्हता. रस्त्यांवरचें डांबर आणि मोटारींचा धूर यांवर होता. ते स्वतः सिगरेट ओढीत असत. आंकडे जमत गेले तसतसें त्यांचें मत फिरलें, आणि १९५० चा तो लेख छापून येण्यापूर्वींच त्यांनीं सिगरेट सोडली. २००५ सालीं ते वारले, तेव्हां त्यांचें वय ९२ होतें.